रोज यादी लिहिते, तरी रात्री अर्धी कामं तशीच. तुम्ही कशी करता?

कासारवडवलीकर

नमस्कार. हे कुठे विचारावं कळत नव्हतं म्हणून इथे लिहितेय, थोडं लांबेल.

मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते, ऑफिस ऐरोलीला. सकाळी बसने ठाणे स्टेशन, मग नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशी पनवेल जी लोकल लागेल ती, ट्रेनचा प्रवास जेमतेम दहा-बारा मिनिटांचा पण स्टेशनपर्यंत पोचायलाच कधी पाऊण तास कधी सव्वा तास. घरी मी, नवरा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. संध्याकाळी घरात शिरेपर्यंत पावणेआठ होतात.

कामांची यादी करायची सवय मला कॉलेजपासून आहे. म्हणजे मी विसरभोळी नाही आणि आळशी तर नाहीच. पण गेल्या वर्षभरात ही यादीच अंगावर यायला लागलीय. काही फोनमधल्या अ‍ॅपमध्ये, काही ऑफिसच्या वहीत, काही फ्रीजवरच्या कागदावर आणि बाकी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज. काल रात्री सगळं एका जागी मांडून मोजलं तर ६३ कामं निघाली. त्यात 'धने पावडर' पण आहे आणि 'मुलीचा पासपोर्ट' पण आहे. पासपोर्ट तीन महिन्यांपासून आहे. 'माळा आवरणे' तर मागच्या दिवाळीपासून आहे, मी रोज तो शब्द वाचते आणि पुढच्या दिवशीच्या कागदावर उतरवते.

दिवसभरात मी दहा-बारा कामं खोडते सुद्धा, पण खोडली जातात ती छोटीच. मोठं काही हलत नाही.

हे सगळं लिहायला कारण असं झालं की मागच्या शनिवारी सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. यादीत होतं हो. पण वर इतकी कामं होती की माझी नजर तिथपर्यंत गेलीच नाही. रात्री साडेदहाला मेडिकल शोधत फिरलो. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही. यादी करूनही औषध राहत असेल तर मग यादीचा उपयोग काय.

तर मला खरंच जाणून घ्यायचंय. दिवसाला किती कामं लिहिता? कागद की फोन? आणि जी राहतात त्यांचं काय करता? पुस्तकी उत्तर नको, स्वतः करत असाल ते सांगा.

घणसोली सेक्टर नऊ

ताई आधी एक, अ‍ॅप बदलू नका. मी चार वर्षांत सहा बदलले. नवीन अ‍ॅपमध्ये पहिले आठ दिवस मस्त वाटतं, पण ते अ‍ॅपमुळे नसतं, जुनी शिळी कामं आपण नव्या ठिकाणी उतरवतच नाही म्हणून हलकं वाटतं. तेच जुन्यातली शिळी कामं काढून टाकून पण होतं.

मला फरक कशाने पडला ते सांगतो. एक आठवडा मी फोनच्या कॅलेंडरमध्ये माझा खरा दिवस भरला. झोप, आंघोळ, प्रवास, मीटिंगा, जेवण, मुलाला क्लासला सोडणं, सगळं. मग बघितलं रिकामं किती उरतं. वर्किंग डेला माझ्याकडे स्वतःच्या कामांसाठी एक तास दहा मिनिटं होती! आणि मी रोज त्या एक तास दहा मिनिटांसाठी पंधरा कामं लिहीत होतो. रात्र थोडी सोंगं फार म्हणतात ना, ते अक्षरशः होतं आणि मी मात्र स्वतःला शिस्त नाही म्हणून बोल लावत होतो.

आता प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहितो. गॅस बुकिंग २ मिनिटं. बँकेचा फॉर्म ४० मिनिटं. बेरीज ७० च्या वर गेली की थांबायचं, पुढचं काम दुसऱ्या दिवशी. पहिल्यांदा खूप कमी वाटतं, तीन-चारच कामं दिसतात, पण तुमच्या पावणेआठनंतरच्या वेळेत तरी त्याहून जास्त काय बसणार सांगा.

महापे मेंटेनन्स

एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लँटमध्ये मी मेंटेनन्स प्लॅनिंगला आहे, १९ वर्षं झाली. माझं कामच याद्यांचं आहे म्हणून लिहायला बसलो, ताई तुम्ही वैतागणार नाही अशी आशा आहे कारण हे मोठं होणार.

आमच्याकडे कुठल्याही सकाळी बॅकलॉगला, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीत, दीडशे-दोनशे जॉब असतात. तुमच्या ६३ च्या तिप्पट. पण त्याने कोणी घाबरत नाही, कारण दोनशे जॉबची यादी फिटरच्या हातात कधीच जात नाही. ती माझ्याकडे राहते. फिटरच्या हातात जातो एक कागद, त्यावर तीन नाहीतर चार जॉब. तुमची अडचण मला अशी दिसते की प्लॅनर पण तुम्ही आणि फिटर पण तुम्ही, आणि फिटरच्या हातात रोज सकाळी तुम्ही अख्खा बॅकलॉग देताय. तो बिचारा काय करणार, सगळ्यात हलका जॉब उचलणार. म्हणून तुमची धने पावडर येते आणि पासपोर्ट राहतो. यात तुमचा काही दोष नाही, माझे चांगल्यातले चांगले फिटर पण हेच करतील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फिटरला जॉब द्यायच्या आधी तो रेडी आहे का हे मी बघतो. 'पंप रिपेअर' असं लिहून कोणी पाठवलं तर मी परत पाठवतो. पंपाला काय झालंय, सील गेलंय का बेअरिंग गेलंय, सील स्टोअरला आहे का, नसेल तर इंडेंट म्हणजे मागणी टाकली का, प्रॉडक्शन पंप कधी सोडणार, परमिट कोण देणार. हे सगळं जमलं की मग कागदावर लिहायचं, 'तीन नंबर पंपाचं सील बदलणे'. नाहीतर काय होतं, माणूस पाना घेऊन पंपापाशी जातो, तिथे कळतं सील नाही, अर्धा तास स्टोअरला, मग परमिट नाही, मग जेवणाची सुट्टी.

'मुलीचा पासपोर्ट' हा पंप रिपेअरसारखाच शब्द आहे. तो जॉब नाहीच, त्याच्या पोटात पाच-सहा जॉब आहेत. माझ्या मुलाचा गेल्या वर्षी केला म्हणून सांगतो, लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो त्यामुळे परत परत येतंच हे. जुना पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे तो काढून ठेवणे. पत्ता बदललाय का आणि बदलला असेल तर तुमच्या कागदपत्रांवर नवा आहे का बघणे. ऑनलाइन फॉर्म. आई-बाबा दोघांच्या सह्यांचं डिक्लेरेशन. मग पैसे भरून वागळे इस्टेटच्या केंद्राची अपॉइंटमेंट. यातलं पहिलं काम म्हणजे कपाट उघडून जुना पासपोर्ट शोधणे, दहा मिनिटांचं आहे. आजच्या कागदावर फक्त तेवढंच लिहा. 'पासपोर्ट' हा शब्द मोठ्या यादीतच राहू दे.

माळ्याचं पण तेच बघा. स्टूल लागेल, धरायला दुसरा माणूस लागेल, जुनं सामान नेणारा भंगारवाला लागेल. हे तिघं एका वेळी जमणार नसतील तर तो जॉब रेडी नाही. रेडी नसलेला जॉब रोज उतरवायचा नाही, त्याने नुसता मनस्ताप होतो. आम्ही त्याच्यापुढे 'मटेरियलसाठी थांबलंय' असं लिहून बाजूला ठेवतो आणि आठवड्यातून एकदाच बघतो.

अजून एक. आठ तासांच्या शिफ्टचे आम्ही आठही तास कधी भरत नाही. ब्रेकडाऊन येणारच हे धरलेलं असतं. घरात पण मुलीला ताप येणार, लिफ्ट बंद पडणार, पाहुणे येणार. मोकळी जागा ठेवली नाही तर एका ब्रेकडाऊनने दिवसाची यादी कोसळते आणि मग माणूस तिच्याकडे बघणंच सोडतो.

आणि दर शुक्रवारी बॅकलॉगमधले जुने जॉब काढून बसतो आम्ही. तीन महिन्यांवर पडून असलेला जॉब ज्याने टाकलाय त्यालाच विचारायचं, हवाय का अजून? निम्म्या वेळा उत्तर येतं, राहू दे आता, काढून टाका. काढताना कोणाला लाज वाटत नाही. घरच्या यादीतून काम काढताना मात्र लोकांना हरल्यासारखं का वाटतं मला माहीत नाही.

कासारवडवलीकर

दादा, वैतागले नाही, दोनदा वाचलं. फिटरच्या हातात अख्खा बॅकलॉग, हे वाचून मी बसमध्येच थांबले जरा. आणि जुना पासपोर्ट कुठे आहे हे मला खरंच माहीत नाहीये! तीन महिने मी फॉर्म भरायचा कंटाळा करतेय असं समजत होते, पण आतून मला तो शोधायचाच धाक होता बहुतेक.

नौपाडा

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे झोप लागली नाही त्या वाक्यापाशी थांबले. बाकीच्यांनी व्यवहाराचं सांगितलंय, मी डोक्यात काय होतं तेवढंच सांगते.

१९२७ मध्ये ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंचं काम प्रसिद्ध झालं, त्या बर्लिनला कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी. त्यांनी लोकांना मणी ओवणे, कोडी सोडवणे अशी बारीक कामं दिली आणि त्यातली निम्मी मधेच थांबवली. नंतर विचारलं काय काय आठवतं, तर अर्धवट राहिलेली कामं लोकांना जास्त आठवली. पुढे सगळ्यांनाच हा निकाल तसाच मिळाला असं नाही, म्हणून वर्गात मी एवढ्यावर थांबत नाही. मला जास्त उपयोगी वाटतं ते २०११ चं मासिकाम्पो आणि बॉमायस्टर यांचं काम. अर्धवट राहिलेलं काम मनात घुसून दुसऱ्या कामात लक्ष लागू देत नव्हतं, हे तर दिसलंच. पण ते काम कधी, कुठे, कसं करणार एवढं ज्यांनी ठरवून टाकलं त्यांच्या मनातून ते घुसणं गेलं. काम झालेलं नव्हतं! नुसतं ठरलं होतं.

म्हणजे महापेचे दादा जे रेडी जॉब म्हणतायत ना, ते मनाला पण कळतं. 'माळा आवरणे' वाचून मन शांत होत नाही कारण त्यात ठरलेलं काहीच नाही. 'रविवारी अकराला भाऊ आला की माळ्यावरचे दोन खोके खाली काढायचे' म्हटलं की मन ते सोडून देतं.

झोपेचं पण सांगते. २०१८ ला अमेरिकेत बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर प्रयोग झाला. झोपायच्या आधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, काहींनी झालेली कामं लिहिली. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोपले, आणि ज्यांनी जास्त बारकाईने लिहिलं ते अजून लवकर. त्यामुळे यादी सकाळी घाईत न करता रात्री करा असं मी सांगेन. सकाळी डब्याच्या गडबडीत आपण कामांची नुसती नावं लिहितो.

आणि घणसोलीच्या मिनिटांबद्दल. मिनिटं लिहाच, पण मनात येतील त्याच्या दीडपट धरा. कॅनडात विद्यार्थ्यांना विचारलं होतं प्रबंध किती दिवसांत संपेल, सरासरी आली ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. १९९४ ची गोष्ट आहे ही. सगळं वाईटात वाईट झालं तर किती लागतील हेही विचारलं होतं, तर त्या अंदाजापेक्षाही सरासरी जास्तच दिवस लागले. आपल्या कामाचा अंदाज आपण स्वतः बहुतेकदा कमी करतो, दुसऱ्याच्या कामाचा करताना मात्र तसं होत नाही. माझ्या स्वतःच्या पेपर तपासणीत दरवर्षी हेच होतं, म्हणून आता मी मागच्या वर्षी किती दिवस लागले ते बघते आणि तेवढेच धरते.

कोपरखैरणे काकू

एवढं शास्त्र मला येत नाही बाई पण आमच्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयावर सगळं चालतं. ते निघालं १९७३ ला, माझ्या सासूबाई पहिल्यापासून त्यावर लिहायच्या, मी त्यांच्याकडून उचललं. दूध किती, बाईचे खाडे, सिलेंडर कुठल्या तारखेला लावला. औषध आणलं की मी तीस गोळ्या मोजते आणि पंचविसाव्या दिवसाच्या चौकोनात लाल पेनाने 'गोळी' लिहून ठेवते. पाच दिवस हातात राहतात, पाऊस असो, दुकान बंद असो. औषध ६३ कामांच्या रांगेत उभं करायचंच नसतं ग. ज्याला तारीख आहे ते तारखेच्या चौकोनात, बाकीचं यादीत.

डिसेंबरात नवीन कालनिर्णय आलं की जुनं मी टाकत नाही. दोन्ही टेबलावर घेऊन बसते आणि एकेक महिना उतरवते. मार्चअखेरीला मिरच्या आणि मसाला, एप्रिलमध्ये वाशी मार्केटमधून वर्षाचे गहू, मे महिन्यात गच्चीची गळती बघून घ्यायची कारण सात जूननंतर कोणी कारागीर येत नाही, विम्याचा हप्ता, आमच्या ह्यांची साखरेची तपासणी. दोन तास जातात पण वर्षभर आठवावं लागत नाही. डोळ्यासमोर असतं हे पण आहे. फोनमधलं उघडावं लागतं, भिंतीवरचं जाता येता दिसतं, आणि मला एकटीला नाही, घरातल्या सगळ्यांना दिसतं.

कळव्याची सिस्टर

काकूंचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी परत वाचा. मी तेच लिहायला आले होते.

३१ वर्षं नर्सिंग केलं, आता रिटायर्ड आहे. कासारवडवलीची पोस्ट वाचली आणि मला ६३ आकडा खटकला नाही, मला खटकलं की घरात तीन मोठी माणसं आहेत आणि यादी एकीचीच आहे. गोळ्या सासूबाईंच्या, मुलगी दोघांची, घर सगळ्यांचं. मग ६३ ची ६३ तुझ्या फोनमध्ये कशी? एक ताट तीन माणसांत वाटून घेतलं तर जेवण होतं, एकटीनेच संपवायचं म्हटलं तर आजारपण होतं. कितीही चांगली पद्धत काढलीस तरी ती तीन माणसांचं ओझं एकीने कसं व्यवस्थित उचलायचं याचीच पद्धत होईल.

वॉर्डात आम्ही काय करायचो सांगते. तीस पेशंट, प्रत्येकाची औषधं, सलाईन, ड्रेसिंग, तपासण्या. एका बाईच्या लक्षात राहणं शक्यच नाही आणि तशी अपेक्षाही नसते. ड्युटी संपली की ओव्हर द्यायचा. बेड एकपासून सुरुवात, दोघी एकत्र पेशंटपाशी जाऊन, याचं काय झालं, काय राहिलं, का राहिलं. राहिलेलं काम लिहून पुढच्या सिस्टरच्या हवाली. आणि ओव्हर दिला की ते काम तिचं. घरी जाऊन मी विचार करत बसायचे नाही की बारा नंबरचं इंजेक्शन झालं असेल का. सुरुवातीला करायचे, आमच्या मेट्रन मॅडमनी सांगितलं की ओव्हर दिल्यावर विचार करत राहणं म्हणजे तू ओव्हर दिलाच नाहीस.

तर माझं म्हणणं, घरात आठवड्यातून एकदा ओव्हर द्या. रविवारी रात्री, जेवणं झाली की टीव्ही बंद करून अर्धा तास, सगळ्यांनी बसून. पूर्ण यादी मोठ्याने वाचायची आणि एकेका कामापुढे एकेकाचं नाव. पण एक नीट ऐक. काम देताना नुसतं हाताचं काम द्यायचं नाही, आठवणीसकट द्यायचं. 'मेडिकलमधून येताना गोळ्या आण' हा ओव्हर नाही, त्यात लक्षात ठेवणं तुझंच राहतं. 'आईंची औषधं आजपासून तुझ्याकडे' हा ओव्हर. कुठली गोळी, कधी संपते, डॉक्टरची पुढची तारीख, सगळं त्याने बघायचं. तो चुकेल पहिल्यांदा. नवीन सिस्टर पण चुकते, म्हणून तिच्याकडून काम काढून घेत नाही आपण, तिला चार्ट वाचायला शिकवतो. जिवावरचं औषध असेल तर महिनाभर मागून नजर ठेव, बाकी कामात बोलू नकोस.

वेळ लिहायची सवय पण तिथलीच. चार्टवर 'सकाळी' असं कोणी लिहीत नाही, सहा वाजता लिहितात. आणि झालं की ज्याने दिलं त्याची सही. नाही दिलं तर का नाही तेही लिहायचं. पेशंट एक्सरेला गेला होता, उलटी झाली, औषध स्टोअरला नव्हतं. तुझ्या राहिलेल्या कामांपुढे पण नुसतं उद्यावर ढकलू नकोस, का राहिलं ते तीन शब्दांत लिही. आठ दिवसांत तुलाच दिसेल की वेळ नाही म्हणून राहतंय, का सामान नाही म्हणून, का दुसऱ्या कोणाच्या सहीसाठी अडलंय.

घणसोली सेक्टर नऊ

सिस्टर, हे आठवणीसकट द्यायचं वाचून मी बायकोला दाखवलं. ती काही बोलली नाही, फोन घेऊन परत वाचत बसली. आमच्याकडे मुलाचे क्लास आणि लसी आजपासून माझ्याकडे.

कासारवडवलीकर

तीन आठवडे झाले, तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून काय झालं ते सांगायला आले.

त्याच रविवारी रात्री बसलो. मी ६३ कामं मोठ्याने वाचली. वाचायला सुरुवात केली तेव्हा नवरा म्हणाला सगळं कशाला वाचतेस, पंधराव्या कामापर्यंत तो गप्प झाला आणि मग म्हणाला हे सगळं तुझ्या डोक्यात असतं? मला तेव्हा रडू आलं, का ते सांगता येणार नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी कधी दाखवलंच नव्हतं ना, फोनमध्ये होतं सगळं.

६३ मधली ११ तिथेच काढून टाकली. ओव्हन दुरुस्त करणे, दोन वर्षं वापरलाच नाही, देऊन टाकतोय. १४ नवऱ्याने घेतली, सिस्टर म्हणाल्या तशी आठवणीसकट, त्यात औषधं, गाडीचं सगळं, लाइटबिल, सोसायटी. ९ 'थांबलंय' मध्ये गेली. ६ कामांना तारीख होती ती भिंतीवर. माझ्याकडे उरली २३, आणि त्यातली रोज तीन कागदावर लिहिते, रात्री, मुलगी झोपली की. चौथं लिहायचा मोह होतो. मिनिटांची बेरीज करून बघितली की जातो.

सगळं गोड झालं असं नाही. सिलेंडर त्याच्याकडे होता, तो बुक करायचा विसरला, दोन दिवस इंडक्शनवर काढले. माझी जीभ शिवशिवत होती पण गप्प बसले. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच कालनिर्णयावर सिलेंडरची खूण करायला सुरुवात केली. आणि सासूबाईंनी मला आश्चर्यच दिलं, म्हणाल्या माझ्या गोळ्या मोजायला मला येतं की, मी लिहीन, त्याने फक्त आणायच्या. आता लाल पेन त्यांच्याकडे असतं, आणि मुलीच्या शाळेचे डब्याचे वार पण त्याच लिहायला लागल्यात, ते आम्ही सांगितलं नव्हतं.

जुना पासपोर्ट माळ्यावरच्याच खोक्यात निघाला! म्हणजे दोन्ही कामं एकमेकांत अडकली होती आणि मी दोन वेगळ्या ओळींत रोज उतरवत होते. रविवारी माझा भाऊ आला होता, दोघांनी स्टूल लावून खोके काढले, पूर्ण माळा नाही झाला, तीन खोके झाले. डिक्लेरेशनवर दोघांच्या सह्या झाल्या, पैसे भरले, गुरुवारी सकाळची वागळे इस्टेटची वेळ मिळालीय, मी हाफ डे टाकलाय.

एक राहिलंच विचारायचं. 'थांबलंय' मधली ९ आहेत त्यातली चार आईच्या बँकेच्या केवायसीची आणि तिच्या कागदपत्रांची आहेत, आई साताऱ्याला असते, तिथे गेल्याशिवाय होणार नाहीत आणि जाणं दिवाळीशिवाय नाही. महापेचे दादा, असं लांबच्या गावातलं काम तुम्ही दर आठवड्याला बघता का, की सरळ तारखेच्या चौकोनात टाकून मधले दोन महिने बघायचंच नाही?

महापे मेंटेनन्स

तारखेच्या चौकोनात टाका. आम्ही याला शटडाऊन जॉब म्हणतो, प्लँट बंद झाल्याशिवाय होणारच नाही असं काम. ते रोजच्या बॅकलॉगमध्ये ठेवत नाही, वेगळी शटडाऊन यादी असते. फक्त निघायच्या पंधरा दिवस आधीच्या चौकोनात अजून एक खूण करा, तेव्हा आईला फोन करून कुठले कागद, किती झेरॉक्स, फोटो आहेत का, ते विचारून घ्या. आणि दिवाळीत बँकेला सुट्ट्या कुठल्या ते आधी बघून मग तिकिटं काढा.